येथे भाव विचारू नये

साम्राज्यं तलवारीने उभी राहत नाहीत आणि तलवारीने पडतही नाहीत. मागणी आणि पुरवठा या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूवर ती उभी राहतात, आणि तो बिंदू सरकला की पडतात. हे वाक्य माझं आहे. कराडच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना चौतीस वर्षं दर जूनला पहिल्या तासाला मी ते उच्चारलं, आणि चौतीस वर्षं दर जूनला मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की वर्ग पेन खाली ठेवायचा. निवृत्त झाल्यावर माझी स्वतःची परीक्षा झाली. तिला नेमका याच वाक्यावर प्रश्न आला आणि मी नापास झालो.

प्रश्नपत्रिकेचं नाव होतं चंद्रकोर टॉवर.

दोन हजार एक्केचाळीस साली कराडच्या बाहेर, पाटणच्या रस्त्याला ही इमारत उगवली. 'उगवली' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. तिथे गवंडी नव्हते, विटा नव्हत्या. जमिनीतून एक बारीक जाळी वर चढत होती आणि त्या जाळीवर भिंत धरत होती, जशी दुधावर साय धरते. निसर्गात असे जीवाणू पूर्वीपासून आहेत जे युरिया आणि चुना खाऊन दगड करतात. शास्त्रज्ञांनी त्यांना जरा चलाख केलं, मळी खायची सवय लावली आणि जाळीवर सोडलं. मळी म्हणजे साखर कारखान्यात उरणारा काळा चिकट रस; आमच्या भागात तिचा तुटवडा कधीच नव्हता. सकाळ-संध्याकाळ पंपाने खुराक द्यायचा, अकरा दिवसांत चार फ्लॅटचा एक मजला तयार. माझी पत्नी हेमलता हिने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पाच मिनिटं निरखून म्हणाली, "म्हणजे विरजण लावलंय." इतकं स्वच्छ स्पष्टीकरण माहितीपत्रकाच्या चोवीस पानांत नव्हतं.

मला मात्र भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. किती मजले वाढवायचे हे बिल्डर ठरवत नव्हता. ते ठरवायला ऑफिसात कपाटाएवढं एक यंत्र होतं, त्याला मागणीवाचक म्हणत. बिल्डर लोक मुद्दाम कमी घरं बांधून भाव चढवतात अशी ओरड झाल्यावर सरकारने नियम केला होता: वाढत्या इमारतीची वाढ यंत्रानेच ठरवायची, माणसाने हात लावायचा नाही. म्हणून यंत्राला शिशाचं सील होतं. ते फोन ऐकायचं, संकेतस्थळ बघायचं, आणि गेट, लिफ्ट, जिना, विक्रीला काढलेले फ्लॅट अशा सगळ्या ठिकाणी त्याचे कान बसवलेले होते. कुणी किमतीची चौकशी केली की एक नोंद. शंभर नोंदी झाल्या की एक मजला.

"सर, मागणी असेल तेवढीच वाढ," बिल्डर संपत झेंडे म्हणाले होते. "एक खोली जास्त नाही, एक कमी नाही. तुम्ही आयुष्यभर फळ्यावर काढलंत ते आम्ही मळीवर चालवलंय."

असं बोलणाऱ्या माणसाला अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही कसं म्हणणार? मी एक नव्हे, दोन फ्लॅट घेतले. प्रत्येकी बावन्न लाख. पाचव्या मजल्यावरचा राहायला, माझ्या फंडातून. दुसऱ्या मजल्यावरचा गुंतवणूक म्हणून, हेमलताच्या जागेतून.

ही जागा म्हणजे पाटणच्या अलीकडची सहा गुंठे. तिच्या वडिलांनी तिच्या नावावर करून दिलेली. तिथे एक खोली बांधून राहायचं, दार उघडलं की पायाला जमीन लागली पाहिजे, एवढी तिची इच्छा. मी तिला पटवलं की जागा पडून आहे, पडून असलेला पैसा मरतो. जागा तिच्या चुलतभावाने, हिंदुराव शेडगेने घेतली; त्याला रस्तारुंदीचे पैसे नुकतेच मिळाले होते. माणूस सरळ. म्हणाला, "आक्का, दोन वर्सं मी तिला हात लावत न्हाई. येत्या न्हवं, त्याच्या पुढच्या दिवाळीच्या पाडव्यापतोर पैसे आणून दिलं तर जागा तुझी. त्याच्याम्होरं मात्र मी पोल्ट्री टाकणार."

"दोन वर्षांत फ्लॅट दुप्पट होईल," मी हेमलताला म्हणालो. "तुझी जागा परत, वर एक खोली फुकट."

"मेथीची जुडी स्वस्त मिळाली म्हणून चार घेतल्या की तीन सडतात," ती म्हणाली.

"फ्लॅट सडत नाही."

त्यावर ती काही बोलली नाही. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ती जेव्हा जेव्हा काही बोलली नाही, तेव्हा तेव्हा पुढे काय झालं याची मी वही ठेवायला हवी होती.

पहिलं वर्ष गेलं. इमारत आठ मजल्यांवर थांबली होती. बत्तीस फ्लॅट, सगळे विकलेले, आणि त्यांत राहणारी कुटुंबं दोन. एक आम्ही आणि दुसरे निवृत्त नायब तहसीलदार खोचरे, जे सोसायटीचे अध्यक्षही होते, कारण दुसरा उमेदवार मी होतो आणि मी स्वतःला मत द्यायला विसरलो. बाकी तीस फ्लॅटना कुलपं. सगळ्यांनी गुंतवणूक केली होती. भाव बावन्नवर होता तो बावन्नवरच. हलेना.

आणि मग मी ती चूक केली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं की मागणी वाढली की किंमत वाढते. मी माझ्या चाळीस माजी विद्यार्थ्यांना फोन केले. म्हटलं, "बाबांनो, चंद्रकोरच्या ऑफिसात जरा फोन करून रेट विचारा. घ्यायचा नाहीये, नुसता विचारा." गुरूचा शब्द. चाळीस जणांनी विचारला, त्यांतल्या बाविसांनी बायकोलाही विचारायला लावलं.

नंतर कळलं की खोचऱ्यांनी त्यांच्या अख्ख्या जुन्या तालुक्याला विचारायला लावलं होतं. बाकीच्या मालकांनीही तेच. प्रत्येकाला वाटत होतं की ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली आहे.

सहा आठवड्यांनी एका सकाळी चहा पिताना वरून खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. मी गच्चीत गेलो. गच्ची नव्हती. नववा मजला होता.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जे ठाऊक असतं ते अर्धंच असतं. मागणी वाढली की किंमत वाढते, पण पुरवठा जागचा हलत नसेल तर. पूर्वी इमारत बांधायला तीन वर्षं लागायची, त्या तीन वर्षांत भाव चढायचा आणि गुंतवणूकदार गब्बर व्हायचा. तो सगळा पैसा खरं तर गवंड्याच्या संथपणाचा होता. इथे गवंडीच नव्हता. आम्ही मागणी वाढवली की अकरा दिवसांत पुरवठा हजर. नवे फ्लॅट झेंड्यांच्या मालकीचे, ते त्यांना विकायचेच होते, म्हणून ते आमच्यापेक्षा कमी भाव सांगत. बावन्नचे अठ्ठेचाळीस झाले. मालक घाबरले आणि घाबरून त्यांनी आणखी चौकशा करवल्या. दहावा, अकरावा, चौदावा मजला आला. भाव एकेचाळीसवर.

आणि खर्च. जीवाणूंची भिंत वाढायची पूर्ण थांबेपर्यंत कच्ची असते. तिला रोज खुराक लागतो; उपाशी ठेवली की तिचा भुगा होतो. कराराच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं की विक्री न झालेल्या मजल्यांचा खुराक विद्यमान सदनिकाधारकांनी समप्रमाणात सोसायचा. मी अकरावं पान वाचलं नव्हतं. कुणीच वाचलं नव्हतं, कारण दहाव्या पानावर तरणतलावाचं चित्र होतं. थोडक्यात, आमचेच फ्लॅट स्वस्त करणाऱ्या मजल्यांना आम्ही महिन्याला अकरा हजारांची मळी पाजत होतो.

मी झेंड्यांच्या ऑफिसात गेलो.

"झेंडेशेठ, हे यंत्र बंद करा."

"सील आहे, सर. हात लावला तर मी आत जाईन."

"अहो, पण ही मागणी खरी नाही."

"मग कुणाची आहे?"

मी जरा खिडकीबाहेर पाहिलं.

"सर, मी तरी कुठं सुखात आहे?" झेंडे म्हणाले. "कारखान्याचं गाळप बंद झालं तर मळी कुठून आणू? एक उपाय करारात आहे. सलग एकवीस दिवस एकही चौकशी आली नाही, तर यंत्र समजतं की मागणी संपली. मग ते भिंतींना शेवटचा खुराक देतं, चुन्याची निवळी. ती प्यायली की जीवाणू अंग आखडून बीजासारखे निजतात, भिंतीचा पक्का दगड होतो. वाढ बंद, खुराक बंद, कायमचा."

"एकवीस दिवस कुणी भाव विचारला नाही की झालं?"

"झालं."

"मग अवघड काय आहे त्यात?"

झेंड्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. ते मूळचे इथलेच.

अडचण अशी होती की हे यंत्र उत्तर युरोपातल्या कुठल्याशा थंड देशात तयार झालं होतं. तिथे माणूस आयुष्यात फार तर दोनदा घराची किंमत विचारतो आणि विचारतो तेव्हा घर घेतो. आमच्याकडे रेट विचारणं हा नमस्काराचा प्रकार आहे. लग्नात जेवताना विचारतात. दहाव्याला घाटावर विचारतात. रविवारी सकाळी काही काम नसलं की बायकामुलांना स्कूटरवर बसवून नमुना फ्लॅट बघायला जातात, कारण तिथे थंडगार असतं, चहा मिळतो आणि घरी येऊन "काही खास नाही" म्हणता येतं. ज्या देशात हे यंत्र शिकलं, त्या देशात 'बघून ठेवायला काय जातं' हे वाक्यच नसावं.

एव्हाना वाढती इमारत बघायला माणसं लांबून येऊ लागली होती. गेटवर भजीची गाडी लागली. येणारा प्रत्येक जण मान वर करून मजले मोजायचा आणि खाली बघून म्हणायचा, "काय रेट चाललाय?" अठरावा. एकोणिसावा. भाव तेहतीस.

खोचऱ्यांनी तातडीची सभा बोलावली. सभेला अठ्ठावीस मालक आले, पुण्याहून आणि कुठून कुठून. ठराव असा की एकवीस दिवस कुणीही, कुठेही, कुणालाही भाव विचारायचा नाही. एकमताने मंजूर. सभा संपल्यावर जिना उतरताना पुढचे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण आत्ता नक्की चाललाय किती?" जिन्यातल्या कानाने टिक् असा आवाज केला. खोचऱ्यांनी कपाळावर हात मारला. ठरावाचं आयुष्य बावीस पायऱ्या.

मग खोचऱ्यांनी गेटवर मोठी पाटी लावली. तहसीलदारी अक्षरात: 'येथे भाव विचारू नये. हुकमावरून.' पाटी लागली त्या दिवसापर्यंत रोज तीसेक माणसं विचारत होती. दुसऱ्या दिवशी शंभरावर गेली. ज्यांना इमारतीशी काही देणंघेणं नव्हतं, तेही एसटीतून उतरून विचारू लागले, "का हो, का विचारू नये? असा किती आहे?" पाटी तीन दिवसांनी काढली. तोवर आणखी तीन मजल्यांच्या नोंदी भरल्या होत्या.

तेविसावा मजला धरला त्या दिवशी भाव सव्वीस लाखांवर आला. अर्धा. दिवाळीचा पाडवा महिन्यावर. मी जेवायला बसलो आणि भाकरीकडे बघत राहिलो.

"जागा गेली," मी म्हणालो. "फ्लॅट विकला तरी निम्मे पैसे. आणि घेणार कोण? प्रत्येकाला ठाऊक आहे की थांबलं तर अजून स्वस्त होणार."

हेमलताने वाढता वाढता विचारलं, "तुमच्या वर्गात मुलं किती असायची हो?"

"पटावर ऐंशी."

"आणि तास सुरू झाल्यावर?"

"...बारा-पंधरा. विषय अवघड होता."

"मग उद्यापासून गेटवर उभे राहा," ती म्हणाली, "आणि कुणी जवळ आलं की त्यानं तोंड उघडायच्या आत शिकवायला लागा."

मला राग आला. एकोणचाळीस वर्षांत एवढा आला नव्हता. पण दुसरा उपाय नव्हता, म्हणून सकाळी नऊ वाजता मी गेटवर खुर्ची टाकली. पहिला माणूस मान वर करून आला. त्याचे ओठ हलताहेत असं दिसताच मी म्हणालो, "मित्रहो, मागणीची लवचीकता समजून घेण्यापूर्वी आपण सीमांत उपयोगिता पाहू." त्याने मागे वळून बघितलं, बाकीचे मित्र कुठे आहेत म्हणून. कुणी नव्हतं. तीन मिनिटांनी तो भजी न घेताच गेला.

पहिल्या दिवशी नऊ जणांनी मला गाठण्याआधी प्रश्न टाकला. तिसऱ्या दिवशी दोन. झेंड्यांनी फोनवरही माझं चाळीस मिनिटांचं व्याख्यान लावलं. ते पूर्ण ऐकल्याशिवाय बोलताच येत नव्हतं. संकेतस्थळावर माझा 'मूल्यसिद्धान्ताची तोंडओळख' हा लेख आडवा घातला. पाचव्या दिवशी चौकशा शून्य. भजीवाल्याने गाडी हलवली, जाताना म्हणाला, "सर, तुमचं ज्ञान लई वाईट हाय."

मोजणी सुरू झाली. एक, दोन, सात, बारा. इमारत रोज थोडी गप्प होत होती. तेविसाव्या मजल्यावरची खरवड मंदावली. खोचरे रोज संध्याकाळी गेटवर येऊन मला थर्मासमधला चहा देत आणि निघताना तोंडावर बोट ठेवून डोळे मिटत. चौतीस वर्षांत माझा इतका सन्मान झाला नव्हता, आणि तोही माणसं पळून जात होती म्हणून.

एकविसाव्या दिवशी, धनत्रयोदशीला, दुपारी चारला गेटवर जीप थांबली आणि हिंदुराव उतरला.

हा माणूस शेजाऱ्याने नवी चप्पल घेतली तरी केवढ्याला म्हणून विचारणारा. मी खुर्चीवरून उठून धावलो.

"मित्रहो, सीमांत—"

"दाजी, मी हाय," हिंदुराव म्हणाला. "बरं न्हाई का?"

मी त्याच्या खांद्यावर हात टाकून, सतत उपयोगितेवर बोलत, त्याला जिन्याने वर नेऊ लागलो. तो घाबरून गप्प होता. दुसऱ्या मजल्यावर आमच्या रिकाम्या फ्लॅटचं दार उघडं होतं; हेमलता तिथे केर काढत होती. हिंदुराव आत शिरला. मागोमाग मी. हा फ्लॅट विक्रीला काढलेला, म्हणजे छताला कान.

"आक्का, मी पाडव्याचं इचारायला आलोय," हिंदुराव म्हणाला. "पर तुमच्याकडं पैसे न्हाईत, खरं?"

"नाहीत," हेमलता म्हणाली. तिने पिशवीतला चकलीचा डबा पुढे केला. "बस. काकू कशी आहे?"

हिंदुराव खाली बसला आणि त्याचा चेहरा उतरला. "आईचं आठवड्यातनं तीनदा रक्त धुऊन घ्यावं लागतंय, हितं कराडात. पहाटं जीप काढायची, सांजच्याला परत. मागल्या खेपेला वाटंत चक्कर आली तिला. रस्त्याचं जे पैसे उरलं हुतं, ते समदं दवाखान्यानं खाल्लं. पोल्ट्रीसुदीक टाकायला काय उरलं न्हाई." त्याने भिंतीवर हात फिरवला. "गार हाय. दाजी, हितं आता काय चाल—"

"हिंदू," हेमलता म्हणाली, आवाज न चढवता, "काकूला कितव्या मजल्यावर सोसेल?"

त्याचा प्रश्न तोंडातच राहिला. तो विचार करू लागला. "लिफ्ट बंद पडली तर मला उचलून न्हेता आलं पायजे. दुसरा बास. त्येच्यावर न्हाई."

दोन वर्षं मी हळहळत होतो की दुसरा मजला घेतला. खाली आहे, डोंगर दिसत नाही, भाव कमी येतो. हा फ्लॅट पाहायला-विचारायला किती जण आले त्याची यंत्राकडे नोंद होती. तेवीस मजले अशाच नोंदींवर उभे होते. त्या सगळ्यांत, या क्षणापर्यंत, इथे राहायचंय असं एकानेही म्हटलं नव्हतं.

"दवाखाना इथून चालत दहा मिनिटं," हेमलता म्हणाली. "हा फ्लॅट तुझा. आमची जागा आमची. तू मोजायचं नाहीस, आम्ही मोजायचं नाही."

हिंदुरावने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चालतंय, आक्का," तो म्हणाला. "लई चालतंय."

आता इथे थांबायचं की नाही? कुठल्याही शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण मी चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आहे. अदलाबदल म्हणजे नाणं निघण्यापूर्वीची पद्धत. तिच्यातला दोष मी दर जुलैला शिकवत असे. दोन वस्तूंचं मूल्य एका मापाने मोजल्याशिवाय व्यवहार झाला तर कुणीतरी फसतो.

"पण हे बघा," मी म्हणालो, "आजच्या बाजारभावाने या फ्लॅटची किंमत नक्की कि—"

हेमलताने माझ्या तोंडात अख्खी चकली घातली.

आम्ही तिघे छताकडे बघत जागच्या जागी थांबलो. मी चावतही नव्हतो, आवाज होईल म्हणून. यंत्राचा कान जरा वेळ घरघरला, जणू वाक्य पुरं होण्याची वाट बघत होता. मग गप्प झाला. टिक् झालं नाही.

एकवीस दिवस पाळत ठेवून ज्याला अडवायचं होतं, तो माणूस गेटवर खुर्ची टाकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पंपाचा आवाज बदलला. पांढरट निवळी जाळीतून वर चढली. दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीतून बारीक तडतड ऐकू येत होती, लाह्या फुटल्यासारखी, आणि संध्याकाळी ती थांबली. खोचऱ्यांनी भिंतीवर नारळ फोडून पाहिला. फुटला. झेंड्यांनी पेढे वाटले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, दुसरी साइट घेतोय, विट्याला. गेटवर याल का? मानधन देऊ."

पाडव्याला काकू दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. इमारतीतलं तिसरं कुटुंब. आम्ही पाटणच्या अलीकडे, सहा गुंठ्यांवर. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटचा आता काय भाव आहे, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस होत नाही. विचारायची इच्छा मात्र रोज होते, साधारण दुपारच्या चहाच्या वेळी.

जागेवर पहिल्या दिवशी आम्ही तंबू ठोकला. मी म्हणालो, "जागा आली, पण खोली कशाने बांधणार? हातात पैसे नाहीत."

हेमलताने लोणच्याची बरणी पिशवीतून बाहेर काढली. आत करड्या रंगाचं काहीतरी दाट, मधूनच बुडबुडा येणारं.

"हे काय?"

"तेविसाव्यावरून आणलं, ओलं होतं तेव्हाच. म्हटलं, विरजण हाताशी असावं."

"अगं, कराराच्या चौदाव्या पानावर लिहिलंय, संवर्धक द्रव्य इमारतीबाहेर न्यायला सक्त मनाई आहे!" संकट टळल्यावर मी करार वाचला होता.

"करारावर सही तुमची आहे," ती म्हणाली. "मी काही सही केलेली नाही."

तिने कुंपणाची जुनी जाळी चौकोनात उभी केली. गुऱ्हाळावरून डबाभर मळी आणली, चार मुठी युरिया, डब्यात भिजवलेला चुना. सकाळ-संध्याकाळ पळीने घालायची, हाताने चाचपायची. तिथे यंत्र नव्हतं, कान नव्हते. चौदाव्या दिवशी ती म्हणाली, "बास. एवढी पुरे दोघांना," आणि निवळी घातली. भिंत तडतडली आणि निजली. एक खोली, एक ओटा, दार उघडलं की जमीन. मी पुरवठ्याची रेषा काढायला कागद घेतला होता. ती कुठे काढायची ते मला सुचेना. अक्षच सापडत नव्हते.

मी हिशेब मांडला: बरणी जुनी, जाळी जुनी, मळी फुकट. अर्थशास्त्राच्या ज्या पुस्तकांतून मी शिकवलं, त्यांत या प्रकरणाला धडाच नाही. कराडात तेवीस मजल्यांचा दगड उभा आहे, त्यात तीन कुटुंबांची नावं आणि त्यांतलं एक इथे ओट्यावर बसलेलं. मी हेमलताला हे सगळं नीट समजावून सांगू लागलो: घर जर विरजणाने होत असेल तर बिल्डर, बँक, भाव, गुंतवणूक या साऱ्या इमारतीचा पायाच कसा निखळतो, आणि आपण दोघं मानवी इतिहासाच्या केवढ्या मोठ्या वळणावर बसलो आहोत.

ती शेंगा निवडत होती. ऐकत असावी.

तेवढ्यात कुंपणापलीकडची सोनाबाई आली. वय सत्तर, पदर कंबरेला खोचलेला, हातात स्टीलची वाटी. तिने खोली पाहिली, भिंतीवर टिचकी मारली, मान हलवली. मला वाटलं, आता ही विचारणार, केवढ्याला पडली.

"बाई," ती हेमलताला म्हणाली, "गोठ्याची मागली भित खचलीया. वाईच इरजण मिळंल का? दह्याचं न्हवं, ह्येचं. वाटीभर पुरं."